दोन कामांच्या सांध्यावर

सास्तूरच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींनो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुम्ही दुकानावर येता आणि एकच विचारता, "नाना, सध्या स्कोप कशाला आहे?" कुणाच्या हातात आयटीआयचा अर्ज असतो, कुणी चाकणला कंपनीत कंत्राटावर राहून परत आलेला असतो, कुणाच्या घरी मुलीच्या नर्सिंगचं चाललेलं असतं. वीजतंत्री घेऊ का जोडारी, संधाता का नळ कारागीर, का सरळ पुण्याची गाडी धरू? मी गवंडी म्हणून कामाला लागलो, पुढं नळाचं काम केलं, मग मोटारींच्या कॉइल भरू लागलो आणि आता सौर पंपांच्या मागं फिरतो. एवढ्या धंद्यांतनं गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे, ती सांगतो. स्कोप कशाला आहे हे पाच-सात वर्षांच्या पुढचं कुणालाच सांगता येत नाही. पण दोन कामं जिथं एकमेकांना भिडतात तिथं जाणता माणूस नेहमीच कमी असतो, आणि तो माणूस कधी बसून राहत नाही.

हे मला भूकंपानं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या दोन्ही अंगांची गावं पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तुम्ही ते पाहिलं नाही, आणि पाहावं लागलं नाही हे चांगलंच झालं. पण घरं का पडली हे मात्र तुम्हाला ठाऊक असायला पाहिजे, कारण तुमच्या पोटापाण्याचा धडा त्यात आहे.

आपली जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पावसाळ्यात गळू लागलं की वर आणखी माती टाकायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं आणि छताचं वजन दरवेळी वाढत होतं. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण ती एक नसायची. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा आणि मधे बारीक दगड-माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब, आरपार दगड फार थोड्या ठिकाणी असायचा. जमीन हलली तसे दोन्ही थर सुटले. बाहेरचा बाहेर पडला, आतला झोपलेल्या माणसांवर आला आणि त्याच्या वर माळवदाची माती.

पण काही घरांत लाकडाचे खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या. भिंती चारी बाजूंनी उतरलेल्या आणि मधे सुताराचा सांगाडा उभा. सुतारानं आपलं काम चोख केलं होतं. आरपार दगडांची उणीव सोडली तर गवंड्याची भिंतही वर्षानुवर्षं पाऊस-वारा सोसत उभी होती, त्यालाही नाव ठेवायला जागा नाही. पण भिंत आणि लाकूड यांची गाठ कुणी घालायची, वरच्या मातीचं ओझं खालची भिंत पेलते का हे कुणी बघायचं, ते कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. सुतार म्हणायचा ते गवंड्याचं, गवंडी म्हणायचा ते सुताराचं.

नंतर इंजिनिअर लोक जुन्या घरांच्या मजबुतीचे उपाय सांगू लागले तेव्हा मी बारकाईनं ऐकायचो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई-काँक्रीट भरा. कोपऱ्यांना आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा द्या. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके आधार मारा. बघा, एकही उपाय नुसत्या दगडाचा नाही का नुसत्या लाकडाचा नाही. सगळे सांध्यावरचे आहेत, आणि त्यातला कुठलाच फार खर्चाचा नव्हता.

त्याच काळात दगड-मातीच्या गवंड्याचा धंदा एका रात्रीत बसला. दगडी भिंत म्हटलं की माणसं घाबरायची. ५२ गावं उठून नव्या जागी वसवायची ठरली. ज्याच्याकडं जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला अडीचशे चौरस फुटांचं घर, त्याहून जास्त जमीन असेल तर साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. बाहेरून मोठे गुत्तेदार आले, त्यांच्याबरोबर त्यांचे मिस्त्री आले. दगड घडवण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता ते आमचे जुने जाणते लोक पाट्या टाकायच्या रोजंदारीला लागले. त्यांचं कसब कमी नव्हतं, पण ते एकाच मालाला बांधलेलं होतं आणि तो माल लोकांना नकोसा झाला. ज्यांनी त्या साईटवर दोन वर्षांत सळई बांधणं, शटरिंग, प्लंबिंग आणि नकाशा वाचणं यातलं जे मिळेल ते उचललं, त्यांना गुत्तेदार निघून गेल्यावरही काम पुरलं. स्लॅब गळतो, मोरीचं पाणी भिंतीत मुरतं, अडीचशे फुटांच्या घराला पुढं खोली काढायची आहे, अशी कामं नव्या गावांत वर्षानुवर्षं निघत राहिली आणि ती बाहेरच्या मिस्त्र्यानं येऊन करण्यासारखी नव्हती.

बायांचं उदाहरण तर याहून मोठं आहे. जी गावं उठवायची नव्हती, जागच्या जागी दुरुस्त करायची होती, अशी शेकडो गावं होती. सरकारचे पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या बँक खात्यात यायचे आणि काम त्यानंच करून घ्यायचं होतं. इंजिनिअर सांगायचा ते घरमालकाला कळायचं नाही, घरमालकाची अडचण इंजिनिअरला कळायची नाही. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं तिथं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या केल्या. ज्यांनी कधी ओळंबा हातात धरला नव्हता त्या बाया आरपार दगड कुठं बसला आणि कुठं चुकवला हे तपासू लागल्या, हप्त्याचे कागद बघू लागल्या, गवंड्याला अडवून विचारू लागल्या. २००१ ला कच्छात भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बाया तिथल्या बायांना सांगायला गेल्या. पुढं तेच जाळं बचत गटांत गेलं, आरोग्यात गेलं, मग शेतीत. दुष्काळाच्या वर्षांत नवऱ्याकडून एखादा एकर मागून घेऊन त्यात भाजी, डाळी, ज्वारी-बाजरी असं घरात खायला लागणारं सगळं पिकवायचं, रासायनिक खताचा खर्च टाळायचा, असं ते एक एकराचं शेतीचं काम आहे. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या त्यातल्या एक पुढारी. या कामासाठी संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बांधकामापासून ज्वारीपर्यंतचा हा प्रवास कुठल्या कॉलेजात आखलेला नव्हता. एक काम करता करता शेजारचं दिसलं, ते शिकून घेतलं, मग त्याच्या शेजारचं.

आता तुम्ही म्हणाल, नाना, जुनी माणसं तर म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या. खरं आहे त्यांचं, ते खोडून काढायचं मला कारण नाही. चार ठिकाणी अर्धवट हात घातलेला माणूस गावोगाव असतो, त्याला लोक एकदा बोलावतात, दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. म्हणून पहिलं सांगणं हेच की एक काम पोटापुरतं नाही, पक्कं शिका. पक्कं म्हणजे किती? तुमच्या कामात बिघाड झाला तर तो तुम्हाला स्वतःला, दुसऱ्याला न विचारता शोधता आला पाहिजे. गवंडी असाल तर भिंतीला तडा कुठून सुरू झाला ते बघून पाया खचला का गिलावा सुटला हे सांगता आलं पाहिजे. वायरिंग करत असाल तर फ्यूज का उडतो हे फ्यूज बदलायच्या आधी कळलं पाहिजे. याला तीन-चार वर्षं लागतात, कुणाला जास्त. तोवर दुसऱ्या कामाकडं नुसतं बघायचं, हात घालायचा नाही.

मग दुसरं काम कुठलं निवडायचं? यावर माझा एकच ठोकताळा आहे. तुमचं काम ज्याच्यासाठी अडतं, त्याचं काम शिका. फरशी बसवणारा प्लंबरसाठी अडतो, त्यानं पाइपलाइन शिकावी. वेल्डर मोजमापासाठी अडतो, त्यानं ड्रॉइंग वाचायला शिकावं. शेळ्या पाळणारी पोरगी लसीसाठी आणि विक्रीसाठी अडते, तिनं लसींचं वेळापत्रक आणि बाजारभाव या दोन्हींचा अभ्यास ठेवावा. ज्या माणसाची वाट बघण्यात तुमचे दिवस जातात, त्याच्याच कामात तुमचा पुढचा पैसा असतो. यूट्यूबवर कुणीतरी दाखवतो म्हणून लांबचं काहीतरी उचलू नका.

एक काम जवळून दाखवतो म्हणजे कळेल. एका शेतकऱ्याची पाच एचपीची सबमर्सिबल एकाच उन्हाळ्यात परत परत जळत होती. दरवेळी तो मोटार बाहेर काढायचा, भरून आणायचा, सोडायचा आणि काही दिवसांत ती पुन्हा जळायची. भरणारा काही वाईट नव्हता. त्याची वायर चांगली, त्याची गाठ चांगली, कॉइल बघितल्यावर मला खोट काढता आली नाही. माझ्याकडं मोटार आली तेव्हा मी आधी ती न उघडता शेतात गेलो. पेटी उघडली तर ओव्हरलोडचा रिले तार मारून डायरेक्ट केलेला. म्हणजे तीनमधला एक फेज गेला तरी मोटार तशीच गुरगुरत राहणार आणि तापणार. वर ऑटो स्विच बसवलेला. लाइट आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच दमात चालू होणार, व्होल्टेज खाली बसणार, आणि कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट ओढते हे वीजतंत्रीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

हे झालं विजेचं. मग शेजारच्या बोअरवरची मोटार घेऊन याच्या बोअरमध्ये सोडली, चालू केली आणि पाइपाच्या तोंडाशी बसलो. सुरुवातीला पाणी भरून येत होतं. थोड्या वेळानं धार फुसफुसू लागली, मधे हवा येऊ लागली. बोअरचं पाणी मोटारीच्या खाली जात होतं आणि मोटार कोरडी फिरत होती. सबमर्सिबल पाण्यानंच थंड राहते, कोरडी फिरली की जळणारच. आता हे काम विजेचं का पाण्याचं? मी त्याला आणखी एक विचारलं, या बोअरवर लावलंय काय? त्यानं ऊस लावला होता. त्या पाण्यात तेवढा ऊस निघण्यासारखा नव्हता. आम्ही बोअरची खोली बघून मोटार दोन पाइप खाली सोडली, रिले नीट केला, ऑटो स्विच काढला, कोरडी चालली तर बंद पडेल असं साधन पेटीत बसवलं, आणि मोटार थोडा वेळ चालवून थोडा वेळ थांबवायची वेळ ठरवून दिली. पुढच्या वर्षी त्यानं उसाच्या अर्ध्या रानात सोयाबीन आणि मागून हरभरा घेतला. ती मोटार अजून चालू आहे.

मोटार भरायचे पैसे तुला दरवेळी मिळत राहिले असते, असं म्हणणारेही भेटले. पण त्या शिवारातले सगळे बोअरवाले आता पेटीत काही वाटलं तरी आधी मला फोन करतात. वायर गुंडाळणारे तालुक्याला पाच आहेत. वीज, पाणी, जमीन आणि पीक एका नजरेत बघणारा हवा असतो, आणि तो मिळत नाही म्हणून शेतकरी परत परत पैसे घालतो.

आता सौर पंपांचं बघा, कारण तुमच्या वयाच्या पोरांना तिथं काम आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा पाच टक्के. बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी असते. म्हणजे कंपनीला इथलाच माणूस लागतो. आणि तो माणूस कोण हवा? आपल्या काळ्या रानात जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तर पॅनलच्या सांगाड्याचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यायला पाहिजे. नाहीतर वादळात सांगाडा कलतो. हे गवंड्याचं ज्ञान. बोल्ट कसणं, सांगाडा काटकोनात उभा करणं हे जोडाऱ्याचं. कंट्रोलरवर आलेला आकडा वाचून दोष ओळखणं हे वीजतंत्रीचं. तक्रार मोबाइलवर नीट फोटोसकट चढवणं हे आणखी वेगळं. एका पंपाला चार माणसं पाठवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

इथं थांबून मला एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. जास्त कामं येतात म्हणून प्रत्येक कामाला हात घालायचा नसतो. डीपीवर चढू नका. फ्यूज टाकायला, जंप जोडायला, कशालाच नाही. ते लाइनमनचं काम आहे आणि लाइन बंद केल्याची खात्री करून करायचं काम आहे. दरवर्षी गावोगाव जाणती पोरं यात जातात, आणि ती सगळी "मला येतंय" म्हणूनच चढलेली असतात. सौर पॅनलचा डीसी करंटही तसाच. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी लवकर तुटत नाही, हात भाजतो आणि आग लागते. वायरिंगचं काम करणार असाल तर तारतंत्रीचा रीतसर परवाना काढा. दोन मजल्यांच्या वरचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. दुखण्यावर औषध सांगू नका, माणसाला दवाखान्यात घेऊन जा. भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय आपल्या गावातच आहे. शेजारचं काम शिकण्यात त्याची हद्द शिकणंही आलं.

आता हिशोब आणि लिहिणं. हाताचं काम करणारी पोरं याला कंटाळतात हे मला माहीत आहे. पण नुसत्या हाताच्या माणसाला दिवसाची हजेरी मिळते आणि मोजमाप काढून अंदाजपत्रक देणाऱ्याला कामाचे पैसे मिळतात. दहा बाय बाराच्या खोलीला विटा किती, सिमेंट किती, वाळू किती, मजुरी किती, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर देता आलं पाहिजे. बिल कसं करतात, जीएसटी कुठं लागतो, ग्रामपंचायतीच्या कामाचं मोजमाप पुस्तक कसं भरतात, हे विचारून घ्या, लोक सांगतात. एक वही ठेवा. कुठलं काम केलं, काय बिघडलं होतं, काय बदललं, किती वेळ लागला. पाच वर्षांनी ती वही तुमच्या सगळ्या प्रमाणपत्रांहून मोलाची होते. नव्या माणसाला कामाला ठेवताना मी वही बघतो.

भाषेचंही तसंच. आपण हद्दीवरची माणसं. उमरग्यापासून कर्नाटक जवळ, सोलापूर-हैदराबाद हमरस्ता जवळून जातो. कामचलाऊ कानडी आणि चांगली हिंदी येत असेल तर तुमचा इलाका दुप्पट होतो. इंग्रजी बोलता आलं नाही तरी चालेल, पण मशिनीबरोबर येणारं पुस्तक वाचता आलं पाहिजे. एकेक शब्द शोधत वाचा, दोन-तीन पुस्तकं झाली की तेच तेच शब्द परत येतात.

कुणी म्हणेल, हे सगळं गावातल्या फुटकळ कामांना ठीक आहे, कारखान्यात तर एकच काम दिवसभर करायचं असतं. पूर्वी होतं तसं. आता एक मशीन बंद पडलं की दुसऱ्यावर हलवतात, आणि ज्याला हलवता येत नाही त्याचं कंत्राट आधी संपतं. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, २०२० च्या डिसेंबरात तिथं पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर आला, आता तिथं वंदे भारतच्या शयनयान गाड्या बनवायचं ठरलं आहे. आपल्या पोरांना तिथं काम मिळावं असं फार वाटतं. पण गेट-खिडक्यांचं वेल्डिंग येतं एवढ्यावर तिथं भागत नाही. ड्रॉइंग बघून जोड कुठला ते ओळखणं, पत्रा किती तापला तर वाकडा होतो हे जाणणं, केलेलं काम मोजून नोंदवणं, हे सगळं त्या एका वेल्डरला यावं लागतं.

शाळेतच हे का शिकवत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. शिकवणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधनाच्या मोठ्या जागेवर होते. ती नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हातानं काम करताना जे शिकलं जातं ते पक्कं बसतं, आणि गावाकडच्या पोराला एकाच विषयाला जखडून ठेवू नये. म्हणून तिथं प्रत्येक पोर चारही विभागांतनं जातं. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, सुतारकाम आणि बांधकाम, मग वीज आणि ऊर्जा, मग शेती-पशुपालन, मग गृह-आरोग्य. मुलगे स्वयंपाकघरात जातात आणि मुली लेथवर उभ्या राहतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या मदतीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवायची प्रयोगशाळा, झाली, तशी प्रयोगशाळा त्या विद्यापीठाबाहेर होण्याची ती अगदी सुरुवात होती. कलबाग २००३ साली गेले, पण वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम चालू राहिला, आणि राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय त्याच धर्तीवर आला. ज्या शाळेत तो आहे तिथली पोरं गावातल्या मातीची तपासणी करून देतात, गावाची छोटी दुरुस्तीची कामं करतात. असा विषय आपल्या शाळेत हवा म्हणून पालकांनी मागणी केली पाहिजे, आणि ती लाजून करायची गोष्ट नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न घेता सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडं जाऊन शिकावं असं लिहिलेलं आहे. गुरुजींनी ती मुलं आमच्या दुकानांत आणावीत. आम्ही नाही म्हणणार नाही.

मुलींसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांना अजूनही ठरावीक चार गोष्टी सुचवल्या जातात. आशाताईंकडं बघा. २००५ पासून हे काम आलं. एकच बाई घरोघर जाते, गरोदर बाईच्या तपासण्या लक्षात ठेवते, लसीकरणाच्या दिवशी आयांना गोळा करते, नोंदी मोबाइलवर भरते, सासूची समजूत काढते आणि रात्री-अपरात्री गाडी शोधते. यातली सासूची समजूत काढणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि तिचं प्रमाणपत्र कुठंच मिळत नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी संगणकावरच्या नोंदी आणि लोकांशी बोलणं या दोन्हींचा हात बसवावा. ज्या मुलींना हत्यारं आवडतात त्यांनी खुशाल वीजतंत्री घ्यावं. घरात पुरुष नसताना पेटी उघडून बघायला बाई आली तर घरच्या बाईला बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे, आणि तेवढंच नवं गिऱ्हाईक वाढतं.

शेवटी पैशाचं बोलू, कारण त्यावाचून बाकीचं सगळं नुसतं बोलणं होईल. नवं काम शिकताना पहिले काही महिने कमाई घटते. हेल्परला मिस्त्रीची हजेरी मिळत नाही, तुम्ही दुसरीकडं मिस्त्री असलात तरी. त्यामुळं घरात वर्षाची ज्वारी-डाळ भरलेली असेल आणि डोक्यावर व्याजाचं कर्ज नसेल, अशा वेळीच दुसरं काम शिकायला घ्या. रास झाल्यापासून पेरणीपर्यंतचे महिने त्याला बरे. मोटारसायकलच्या हप्त्यात अडकलेल्या पोराला शिकायची इच्छा असूनही शिकता येत नाही, तो जास्त हजेरीच्या मागं पळत राहतो. आधी हप्ता फेडा. हजारो रुपये घेऊन पंधरा दिवसांत सगळं शिकवतो म्हणणाऱ्या क्लासांपासून लांब राहा. त्या पैशात एक चांगला मल्टिमीटर, एक पान्ह्यांचा संच आणि पायात रबरी तळव्याचे बूट येतात.

आणि ज्याच्या हाताखाली शिकाल त्याचं काम पळवू नका. त्याच्याच गिऱ्हाइकाला कमी भावात काम करून देणाऱ्याला पुढं कुणी काही शिकवत नाही. गाव लहान आहे, नाव लवकर जातं.

माझं दुकान सकाळी आठला उघडतं. मोटार, पंप आणि सौर पेटी यांचं काम ज्याला किंवा जिला शिकायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर यावं. आधीचं एक काम हातात पक्कं असलेल्यांना आधी घेईन, मग ते गवंडीकाम असो, शिवणकाम असो, का दुचाकी दुरुस्ती. फी नाही. डबा घरून आणायचा, आणि येताना कोरी वही.